आजारीही तोच, आरोपीही तोच

मोबाइलवर असे व्हिडिओ तुम्हालाही येत असतील. मोठा मंडप, माइक धरलेला पास्टर, कुणी कुबड्या टाकून धावतंय, कुणी चष्मा भिरकावतंय. आपल्या ग्रुपवर ते आले की खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. मला त्या हसण्यात सामील होता येत नाही. हजरत ईसा (अ.) जन्मांधाला आणि कुष्ठरोग्याला अल्लाहच्या परवानगीने बरं करत, हे आपल्याच कुरआनात आहे. तेव्हा दुआने शिफा मिळते या गोष्टीची थट्टा मुसलमानाने तरी करू नये. माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. त्या मंडपात कुबड्या घेऊन आलेला आणि कुबड्या घेऊनच घरी गेलेला माणूस व्हिडिओत दिसत नाही. त्याला जाताना काय सांगितलं जातं? 'प्रभू तर बरं करायला तयार होता, तुझाच विश्वास कमी पडला.'

हे वाक्य कुणा एका पास्टरच्या तोंडून चुकून निघालेलं नाही. त्यामागे रीतसर शिकवण आहे. अमेरिकेत ई. डब्ल्यू. केनयन आणि त्यांच्यानंतर केनेथ हेगिन यांनी ती मांडली आणि टीव्हीच्या जमान्यात ती जगभर गेली. येशूने दुःख सोसलं तेव्हाच सगळ्यांच्या आजारांची किंमत चुकती झाली, असं ते सांगतात. म्हणजे आरोग्य तुमच्या नावावर जमा आहेच, तुम्ही फक्त विश्वासाने ते उचलायचं आणि 'मी बरा झालो' असं तोंडाने म्हणायचं. दुखणं जाणवलं तरी ते मान्य करायचं नाही. आता या हिशेबात रोगी बरा झाला नाही, तर चूक कुणाची? देवाची असूच शकत नाही. पास्टर तर हात ठेवून मोकळा झालेला असतो. उरतो एकटा रोगी. आजारीही तोच आणि आरोपीही तोच.

हा हिशेब शेवटपर्यंत नेला की काय होतं, ते अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने पाहिलं आहे. होबार्ट फ्रीमन हा काही अडाणी मांत्रिक नव्हता. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात तो हिब्रू आणि जुना करार शिकवत असे. 1963 मध्ये त्याला तिथून काढलं. पुढे त्याने 'फेथ असेंब्ली' उभी केली आणि डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास, असं शिकवायला सुरुवात केली. त्याच्या अनुयायांच्या घरी बाळंतपणं डॉक्टरविना होत. 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय पाहणीत या पंथातल्या मातामृत्यूंचं प्रमाण राज्यातल्या इतरांच्या सुमारे 92 पट निघालं. जन्माच्या सुमारास दगावणारी बाळं जवळपास तिप्पट. पत्रकारांनी मोजलेल्या एकूण मृत्यूंचा आकडा 90च्या आसपास गेला. न्यूमोनियासारख्या दुखण्याने, साध्या औषधाने वाचली असती अशी मुलं गेली. आणि त्यांच्या आईबापांनी मुलं पुरताना आणखी एक ओझं उचललं, आपल्या विश्वासात खोट होती म्हणून लेकरू गेलं हे.

खुद्द फ्रीमनचा पाय पोलिओने अधू होता. आयुष्यभर तो लंगडत चालला. 1984 मध्ये त्याच्यावर गुन्हा दाखल झाला आणि खटला उभा राहण्याआधीच, त्याच डिसेंबरात, न्यूमोनिया आणि हृदयविकाराने तो वारला. डॉक्टरला त्याने स्वतःसाठीही बोलावलं नाही. एवढा प्रामाणिकपणा त्याच्या पदरात टाकायलाच हवा. आपल्याकडचे कित्येक आमिल लोकांना ताईत देतात आणि स्वतःच्या छातीत कळ आली की आधी ईसीजी काढून घेतात.

ख्रिस्ती लोक मला विचारतील, आमच्या ग्रंथाशी तुझा काय संबंध? वधस्तंभाबद्दल, येशूच्या देवत्वाबद्दल माझी श्रद्धा त्यांच्यापेक्षा वेगळी आहे, हे मी लपवत नाही. पण त्यांच्याच ग्रंथाच्या आधारे बोलायचं तरी ही शिकवण टिकत नाही. पास्टर मंडळी मत्तयाचा एक प्रसंग पुढे करतात. शिष्यांना एक मुलगा बरा करता आला नाही, तेव्हा येशूने त्यांच्या अल्पविश्वासावर बोट ठेवलं. बरोबर, पण कुणाच्या? बरं करायला गेलेल्या शिष्यांच्या. मुलाला तो एक शब्दही बोलला नाही. मार्कने हाच प्रसंग सांगितला आहे. तिथे मुलाचा बाप उघड कबूल करतो की माझ्या विश्वासात अविश्वास मिसळलेला आहे. आणि तरीही त्याचा मुलगा बरा होतो! याकोबाच्या पत्रातही आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून विश्वासाने प्रार्थना करावी, असं आहे. म्हणजे विश्वासाची जबाबदारी प्रार्थना करणाऱ्यांवर आहे. अंथरुणावर पडलेल्यावर ती ढकलली कुणी? नासरेथचा दाखलाही नेहमी देतात, की गावाच्या अविश्वासामुळे तिथे फार चमत्कार झाले नाहीत. पण अविश्वास दाखवला तो 'हा तर आपल्यातलाच सुतार' म्हणणाऱ्या गावकऱ्यांनी. जे थोडे आजारी समोर आले ते तिथेही बरे झालेच.

आणि पौल? शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही. त्याचा सोबती त्रफिम आजारी पडला, त्याला मिलेतात तसाच ठेवून पुढे जावं लागलं. तीमथ्याचं पोट वारंवार बिघडे, तर पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सुचवलं, विश्वास वाढव असं नाही. जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात की पाप याचं की याच्या आईबापांचं, तेव्हा येशू दोघांनाही निर्दोष ठरवतो. गेथशेमाने बागेत तर त्याने स्वतःच मागितलं की हा प्याला टळावा. त्यांच्या ग्रंथाप्रमाणे तो टळला नाही. कुणाचा विश्वास कमी पडला तिथे?

जाणते ख्रिस्ती हे ओळखून आहेत. इंग्रज लेखक सी. एस. लुईस यांच्या पत्नी जॉय यांना हाडांचा कॅन्सर होता. 1957 मध्ये एका पाद्र्याने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि त्या खरोखर उठून हिंडू-फिरू लागल्या. 1960 मध्ये तोच आजार उलटला आणि त्या गेल्या. लुईस यांनी त्यानंतर जे पुस्तक लिहिलं त्यात देवाशी कडाक्याचं भांडण आहे, दार बंद करून घेणाऱ्या देवाबद्दलचा संताप आहे. आधी ते टोपणनावाने छापलं. पण बायकोच्या श्रद्धेत काही उणं होतं, असा आरोप त्यात कुठेही नाही.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जी मोठी धार्मिक जागृती झाली, तिचा उल्लेख आजचे पेंटेकॉस्टल लोक आपल्या इतिहासात अभिमानाने करतात. रोगमुक्तीच्या सभा भरतात त्या बहुतेक याच परंपरेत. त्या रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये आईच्या डोळ्यांदेखत गेली. ज्या बाईने मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणायला आयुष्याची वर्षं दिली, तिला जाऊन कुणी सांगेल का, बाई, तुमचा विश्वास कमी पडला? आणि याच ख्रिस्ती लोकांनी 1894 मध्ये मिरजेला दवाखाना काढला, डॉ. वॉनलेस यांचा. हात जोडणं आणि सुरी हातात घेणं यात त्यांना विरोध दिसला नाही. आपले हसणारे भाऊ याच दवाखान्यांवरून टोमणे मारतात. मला तर त्या श्रद्धेची सगळ्यात शहाणी बाजू तिथेच दिसते.

आता हसणं थांबवून घरात पाहू. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांच्या एका खोपटाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले 28 जण पळू न शकल्यामुळे जळून मेले. बरं होण्याच्या आशेने नातेवाइकांनी त्यांना तिथे आणून सोडलं होतं. आमच्या मोहल्ल्यातल्या एका मावशींचं इन्सुलिन एका आमिलने बंद करवलं. करणी आहे म्हणाला, चाळीस दिवस पाणी दम करून दिलं. पायाचा अंगठा काळा पडला तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं, 'खाला, आपका यकीन कच्चा निकला.' शब्द उर्दू, पण पास्टरचंच वाक्य. मावशी अंगठा गमावून घरी आल्या आणि कित्येक महिने नमाज झाल्यावर रडत राहिल्या, आपल्या ईमानात काय कमी होतं हे शोधत.

हजरत नूह (अ.) यांनी बुडणाऱ्या मुलासाठी दुआ मागितली. मुलगा वाचला नाही. हजरत अय्यूब (अ.) यांचा आजार लांबत गेला, आणि अल्लाहने त्यांना सब्र करणारा बंदा म्हटलं. प्रेषित (स.) यांचा लहानगा इब्राहिम त्यांच्या मांडीवर गेला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजारावर औषध घ्या, हा त्यांचाच आदेश आहे. दुआ कधी इथेच मिळते, कधी आखिरतसाठी ठेवली जाते, कधी तिच्या बदल्यात एखादं संकट टळतं, असं हदीसमध्ये सांगितलं आहे. या तिन्हींत मागणाऱ्याला दोषी ठरवणारं चौथं कलम आमिलांनी कुठून आणलं?

महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. त्या कलमात मधुमेहाचं नाव नाही. मावशींच्या मुलाला मी तक्रारीचा मसुदा लिहून दिला आहे. तो अजून घरातच पडून आहे, कारण मोहल्ल्यातल्या चार जाणत्या माणसांनी त्याला सांगितलं, दीनी माणसावर केस करून बदनामी कशाला. आमिल दर जुम्याला बसतोच आहे.