हॉलमधला पीसी: पैसे कुठे घालायचे?

“दादा, हॉलमधल्या टीव्हीला जोडायला पीसी घ्यायचाय. सिनेमे, फोटो आणि थोडं गेमिंग. बजेट ४० हजार. काय घेऊ?” हा प्रश्न दिवाळीच्या आसपास आणि मे महिन्यात हमखास येतो. विचारणारा बहुधा कॉलेजातला असतो आणि निम्मे तरी पैसे बाबांचे असतात. त्यामुळे हिशेब नीट मांडलेला बरा.

आधी एक जाहिरात बाजूला करू. “आय सेव्हन, १६ जीबी रॅम, एसएसडी, गेमिंग कॅबिनेट, फक्त १५ हजार!” यातला ‘आय सेव्हन’ बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०११-१२ सालचा असतो. एखाद्या ऑफिसातून निघालेला, नव्या चकचकीत डब्यात बसवलेला. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. आजचे ४के व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून साठवलेले असतात, ते उलगडण्याची सोयच त्याच्या आतल्या ग्राफिक्समध्ये नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि चित्र अडखळतं. नाव मोठं, लक्षण खोटं.

या बजेटमध्ये मी वेगळं ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊच नका म्हणतो. ग्राफिक्स आतच असलेला रायझन ५ ५६००जी घ्या. सहा कोअर, ६५ वॅट, आणि पंखा डब्यातच मिळतो. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, रॉकेट लीग, सेटिंग उतरवून जीटीए ५, हे सगळं खेळता येतं. सायबरपंकची स्वप्नं मात्र पाहू नका. त्याची एक उणीवही सांगतो. यूट्यूब हल्ली वापरतं तो एव्ही१ प्रकार याला हार्डवेअरवर उलगडता येत नाही. प्रोसेसर ते काम ओढून नेतो, पण पंखा थोडा वाढतो. ही उणीव नको असेल तर ८६००जी आहे. मात्र त्याला नवा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते, आणि ४० हजारांची गणितं तिथे कोलमडतात.

आता रॅम. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं. ३२०० च्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी माल येतो, दोन पट्ट्यांतून ५१.२. म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्या. दुकानदार सांगेल, “एक घ्या, पुढे दुसरी टाका.” ऑफिसच्या कामाला तो सल्ला ठीक, पण गेममध्ये फरक लगेच दिसतो. घरी आल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी चालू आहे ना तेही बघा, नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा त्याहून कमी वेगानं चालत राहते.

पण हा पीसी हॉलमध्ये राहणार आहे, ही गोष्ट यादी करताना सगळे विसरतात. स्वतःच्या खोलीत हेडफोन लावून बसणाऱ्याला पंख्याचा आवाज चालतो. हॉलमध्ये आजीची मालिका सुरू असते, बाबा बातम्या लावतात. डबा मिक्सरसारखा घरघरला, तर आठ दिवसांत तो तुमच्या खोलीत परत जाईल. म्हणून साधी हार्ड डिस्क नको, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या. कॅबिनेट पुढून जाळीचं असू द्या. काचेच्या दर्शनी भागामागे हवा अडते, आणि ते रंगीत दिवे रात्री टीव्हीच्या पडद्यावर चमकतात. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात तर डबा कोंबूच नका. आपल्या हैदराबादच्या मे महिन्यात तिथे इडल्या होतील.

एसएमपीएसवर हजारभर रुपये वाचवायचा मोह सगळ्यांनाच होतो. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणारा घेऊ नका. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ, ५५० वॅटचा घ्या. आज तो जास्त वाटेल, पण पगार सुरू झाल्यावर आरएक्स ६६०० सारखं कार्ड टाकलंत तर ते एकटंच १३२ वॅट घेतं. तेव्हा डबा उघडायचा, कार्ड बसवायचं, बाकी काही बदलायचं नाही. आणि भिंतीतल्या प्लगला अर्थिंग आहे का तेही एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत कॅबिनेटला हात लावला की झिणझिणतं, ते त्यामुळेच.

ओटीटीसाठी हा पीसी घेत असाल तर थांबा. टीव्ही स्मार्ट असेल तर ती ॲप्स टीव्हीवरच चालू द्या. ब्राउझरमध्ये ४के मिळेलच असं नाही आणि आजीला रिमोट येतो, माउस येत नाही. पीसी गेमसाठी, घरच्या लग्नांच्या व्हिडिओंसाठी आणि मोठ्या पडद्यावर अभ्यासासाठी. टीव्हीच्या इनपुटला ‘पीसी’ नाव दिलं की बऱ्याच मॉडेलवर अक्षरं स्वच्छ दिसतात. खेळताना गेम मोड लावा, बटण दाबल्यावरचा उशीर कमी होतो. वायरलेस कीबोर्डचा डोंगल मागच्या यूएसबी ३ पोर्टात खोचला तर सिग्नल तुटू शकतो. छोटी एक्स्टेन्शन वायर लावून तो पुढे आणा.

विंडोजचं लायसन्स बजेटमध्ये धरा, ते नेहमी राहून जातं. लिनक्स फुकट आहे, पण त्यावर व्हॅलोरंट चालत नाही, आणि मग घरात जे होतं ते मी सांगायला नको.

खरेदीला सिकंदराबादला पार्कलेनच्या सीटीसीत जाणार असाल तर एकाच दुकानात बसू नका. तीन ठिकाणी यादी दाखवा, भाव लिहून घ्या, मग ऑनलाइनशी ताडून बघा. मदरबोर्डचा एचडीएमआय ४के ला ६० हर्ट्झ देतो का, आणि ५६००जी साठी बायोस अपडेट आहे का, हे दोन प्रश्न तिथेच विचारा. बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर हवा. आणि असेंबल झाल्यावर काउंटरवरच मॉनिटर जोडून रॅम दोन्ही पट्ट्यांची मिळून १६ दिसते ना ते बघून मगच डबा ऑटोत ठेवा.