लाखोळीचे ज्ञान बांधीपर्यंत का पोहोचत नाही?

कामठी स्टेशनवरून हावड्याकडे जाणारी गाडी पकडली की भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर अशी स्टेशने लागत जातात. हा सगळा धानाचा मुलूख. हिवाळ्यात खिडकीतून पाहिले तर धान निघालेल्या बांध्यांमध्ये निळसर, पांढऱ्या फुलांचे बुटके हिरवे पीक पसरलेले दिसते. ती लाखोळी. कुणी लाख म्हणते, कुणी लाखोरी. छत्तीसगडात तिवरा आणि उत्तरेत खेसारी. तिचे वरण होते, पिठाची भजी आणि वड्या होतात, कोवळ्या शेंड्यांची भाजी होते. पूर्व विदर्भातल्या कष्टकरी घरांना ती पिढ्यानपिढ्या माहीत आहे.

वैद्यकीय पाठ्यपुस्तकात मात्र हीच डाळ पाय निकामी करणारी म्हणून येते. लॅथिरिझम हे त्या आजाराचे नाव. लाखोळी हेच मुख्य अन्न झाले आणि दोन-तीन महिने तेच पोटात जात राहिले, तर काहींच्या पायांत ताठरपणा येतो. सुरुवातीला पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड वाटतात, धावता येत नाही. पुढे चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. रोगी आधी एका काठीवर येतो, मग दोन काठ्यांवर, आणि वाईटात वाईट म्हणजे जमिनीवर सरपटू लागतो. बुद्धी शाबूत, हात बरेचसे ठीक, पण कमरेखालची ताकद ताब्यात नाही. हा आजार तरुण, कष्टाच्या वयातल्या पुरुषांत अधिक दिसतो. एकदा झालेली हानी भरून काढणारे औषध आजही नाही.

ही ओळख नवी नाही. सुश्रुतसंहितेत ‘कलायखंज’ या नावाने वाताच्या विकारांत तिचा उल्लेख आहे. कलाय म्हणजे वाटाण्याच्या जातीचे कडधान्य आणि खंज म्हणजे लंगडा. कामठीवरून जबलपूरकडे जाणारा रस्ता पुढे ज्या सागर भागाकडे नेतो, तिथे १८३० च्या सुमारास गव्हाची पिके बुडाली, लोक याच डाळीवर जगले आणि अनेक तरुण अपंग झाले. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ती हकीकत लिहून ठेवली आणि त्याचे पुस्तक १८४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच शतकाच्या आरंभी स्पेनमध्ये युद्धामुळे दुष्काळ पडला. तिथल्या गरिबांनी याच दाण्याच्या पिठावर दिवस काढले आणि चित्रकार गोया याने ते दृश्य आपल्या चित्रात कोरले. म्हणजे हा आजार भारताचा नाही, विदर्भाचा तर मुळीच नाही. तो दुष्काळाचा आणि गरिबीचा आहे.

दुसऱ्या महायुद्धातले उदाहरण तर अंगावर काटा आणणारे आहे. आजच्या युक्रेनमधल्या वाप्नियार्का इथल्या छळछावणीत ज्यू कैद्यांना जनावरांच्या खाद्यातली ही डाळ रोज खायला दिली जात होती. काही आठवड्यांतच कैद्यांचे पाय लुळे पडू लागले. त्यांच्यातच आर्थर केसलर नावाचे डॉक्टर कैदी होते. त्यांनी लक्षणे आणि अन्न यांचा संबंध जोडला, आजार ओळखला आणि कैद्यांनी ती डाळ नाकारली. उशीर झालेल्यांचे पाय गेले ते गेलेच, पण बाकीचे वाचले. नेमकी माहिती नेमक्या वेळी नेमक्या माणसाजवळ असली तर काय होते, हे यावरून कळावे.

डाळीतला दोषी घटक कोणता, हे १९६४ मध्ये कळले, आणि ते काम भारतीय प्रयोगशाळांत झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, आदिगा आणि सरमा यांनी बियांतून ओडॅप हे अमिनो आम्ल वेगळे करून त्याची रचना सांगितली. भारतातल्याच आणखी एका गटाने त्याच वर्षी तोच पदार्थ शोधला. याच दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी घरगुती उपाय सुचवला : डाळ गरम पाण्यात भिजवायची आणि ते पाणी फेकून द्यायचे. ओडॅप पाण्यात विरघळत असल्याने त्याचा मोठा भाग पाण्याबरोबर निघून जातो. सोबत काही ब जीवनसत्त्वेही जातात, पण पायांच्या तुलनेत ती किंमत परवडणारी आहे.

मात्र त्याआधीच, १९६१ मध्ये, अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली होती. हेतू चांगला होता. त्या काळी मध्य भारतात अनेक ठिकाणी शेतमजुराला मजुरी म्हणून लाखोळीच दिली जाई आणि त्याच्या घरात दुसरे धान्य नसे. पण बंदीने पीक संपले नाही. लागवड सुरू राहिली, सर्व राज्यांत अंमलबजावणी सारखी झाली नाही आणि विक्री लपून होऊ लागली. चण्याच्या आणि तुरीच्या डाळीत, बेसनात लाखोळीची भेसळ होते, हे अन्न तपासणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. यात आरोग्याच्या दृष्टीने वाईट गोष्ट ही, की जो जाणून लाखोळी घेतो तो ती भिजवून पाणी फेकू शकतो. जो चण्याचे बेसन समजून घेतो त्याला ही संधीच मिळत नाही.

बंदीविरुद्ध नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी अनेक वर्षे आंदोलन केले, उपोषणे केली. गरिबाच्या ताटातले प्रथिन सरकारने हिरावून घेतले, हा त्यांचा मुद्दा. तो पूर्णपणे उडवून लावता येत नाही. लाखोळीत चतुर्थांशाहून अधिक प्रथिन असते. धान उभे असतानाच ओल्या बांधीत बी फेकले की नांगरट नको, पाणी नको, खत नको. उलट मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीत नत्र येते. दुष्काळ आणि साचलेले पाणी, दोन्ही सोसणारे दुसरे कडधान्य शोधून सापडणे कठीण. हवामान बेभरवशाचे होत असताना अशा पिकाकडे पाठ फिरवणे शहाणपणाचे नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी गोंदिया जिल्ह्यात केलेली पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातही लाखोळी खाणारे बरेच आणि लॅथिरिझमचे रोगी फारच थोडे आढळले. आज जेवणात भात, गहू, भाजी थोडीफार का होईना असते, हे त्याचे सरळ कारण.

पण यावरून ‘लाखोळी निर्धोक आहे’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. इथिओपियाने ते पाहिले आहे. नव्वदीच्या दशकात तिथल्या देलांता दावुंत भागात दुष्काळानंतर दोन हजारांहून अधिक लोक या आजाराने अपंग झाले. एरवी ती माणसेही लाखोळी इतर अन्नाबरोबर खात होती. पिके गेली आणि ताटात एवढेच उरले. इथिओपियातले डॉक्टर आणि बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाचे संशोधक यांनी मिळून गावोगाव चौकशी केली. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेला त्यांचा निष्कर्ष कोणत्याही गृहिणीला समजेल असा होता. डाळीत तृणधान्य मिसळले की धोका घटतो. तृणधान्यांत गंधकयुक्त अमिनो आम्ले जास्त असतात आणि लाखोळीत नेमकी तीच कमी. म्हणून दुष्काळात मदत पाठवायची तर लाखोळीत मिसळायला धान्य पाठवा, असा तो सल्ला होता.

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटले की कामठीकराला आधी ड्रॅगन पॅलेस आठवतो. जपानी मैत्रीतून उभे राहिलेले ते विहार पाहायला लांबून माणसे येतात. बियाण्याची मैत्री अशी डोळ्यांना दिसत नाही, पण ती तितकीच खरी आहे. कोरडवाहू प्रदेशांसाठी काम करणाऱ्या ‘इकार्डा’ या संस्थेची बियाणे पेढी सीरियात अलेप्पोजवळ होती आणि लाखोळी हे तिच्या कामातले एक महत्त्वाचे पीक. यादवी युद्धात ती पेढी हाताबाहेर गेली. पण बियांचे जोड नमुने आधीच नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बर्फाळ तिजोरीत ठेवलेले होते. २०१५ मध्ये या तिजोरीतून पहिल्यांदाच बी बाहेर काढले गेले, ते इकार्डासाठी, आणि लेबनॉन व मोरोक्कोत पुन्हा पेरले गेले. याच संस्थेचे कडधान्य संशोधन केंद्र मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातल्या अमलाहा इथे आहे. इंग्लंडमधल्या जॉन इनेस सेंटरच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या संशोधकांनी लाखोळीचा जनुकसंच वाचला आणि ओडॅप वनस्पतीत कसे तयार होते, त्याची माहिती २०२३ मध्ये प्रसिद्ध केली.

भारतही यात मागे नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ऊतीसंवर्धनातून ‘रतन’ हे कमी ओडॅपचे वाण काढले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’ दिले. या तिन्हींत ओडॅप ०.१ टक्क्याहून कमी असते. जुन्या वाणांत ते याच्या कितीतरी पट असू शकते. २०१६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने या तीन वाणांपुरती बंदी उठवावी अशी शिफारस केली, तेव्हा देशभर वाद झाला. वाद ‘बंदी हवी की नको’ एवढ्यावरच फिरत राहिला आणि खरा प्रश्न बाजूला पडला.

तो प्रश्न असा, की नॉर्विच आणि अदिस अबाबा ते रायपूरपर्यंत आलेले हे ज्ञान पुढे भंडाऱ्याच्या, मौद्याच्या, कामठीच्या बांधीपर्यंत आणि चुलीपर्यंत का येत नाही? रायपूर इथून एका रात्रीच्या प्रवासाच्या आत आहे. मग वाणाचे नाव न विचारता घरचे किंवा शेजारचे बी का फेकले जाते? आणि चांगले वाण एकदा पेरले म्हणजे काम संपत नाही. मधमाश्या शेजारच्या जुन्या लाखोळीचे पराग आणतात, संकर होतो आणि काही वर्षांत ओडॅप पुन्हा चढू शकते. पाण्याचा ताण, जमिनीतली जस्ताची कमतरता यांचाही त्यावर परिणाम होतो. म्हणून बियाणे वेळोवेळी बदलावे लागते. हे शेतकऱ्याला सांगणारे कुणी नसेल, तर ‘कमी विषाचे वाण’ ही पाटी नुसती दिशाभूल ठरेल.

त्यामुळे बंदी राहो की उठो, चार गोष्टी त्याआधी व्हायला हव्यात. पहिली, शुद्ध बियाणे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची साकोली, सिंदेवाही इथली केंद्रे धानाच्या पट्ट्यातच आहेत. त्यांनी रायपूरच्या विद्यापीठाशी जोडून घेऊन हे बी गावागावांत पोचवावे. दुसरी, तपासणी. नागपूरच्या सार्वजनिक प्रयोगशाळांत ओडॅप मोजण्याची सहज, स्वस्त सोय हवी, म्हणजे लाखोळी लाखोळीच्याच नावाने, तपासून विकता येईल आणि बेसनात लपणार नाही. तिसरी, रोगाची नोंद. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत पाय ताठरलेला तरुण आला की मणका, क्षयरोग, जीवनसत्त्व ब-१२ यांचा विचार होतो आणि तो व्हायलाच हवा. त्याबरोबर ‘गेले तीन महिने घरात कोणती डाळ शिजते?’ हा एक प्रश्न विचारला जावा. त्याला खर्च शून्य येतो.

चौथी गोष्ट स्वयंपाकघरातली, आणि सर्वांत महत्त्वाची. आशाताई आणि अंगणवाडीसेविकांनी घरोघरी सांगावे : लाखोळी खायची तर उकळत्या पाण्यात काही तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात शिजवा. भात, ज्वारी किंवा पोळीबरोबर, भाजीबरोबर खा. रोज तीच, महिनोन्महिने तीच, असे करू नका. पोटऱ्यांत गोळे किंवा पाय जड वाटू लागले तर त्याच दिवशी ती डाळ बंद करा आणि डॉक्टरांकडे जा; थांबण्याची वेळ तीच असते. अलीकडे लाखोळीतला एक घटक हृदयाला उपयोगी असल्याचे बोलले जाते. त्यावर संशोधन सुरू आहे, पण तेवढ्यावरून औषध म्हणून ती मूठ मूठ खाणे शहाणपणाचे नाही.

सहकार्य एकतर्फीही असू नये. डाळ भिजवून पाणी फेकणे, पिठात दुसरे पीठ मिसळणे, भाजी वाळवून ठेवणे हे इथल्या बायका कुठल्याही शोधनिबंधाची वाट न पाहता करत आल्या आहेत. कोणती पद्धत ओडॅप किती घटवते, हे मोजून जगाला सांगण्याचे काम नागपूर विभागातल्या वैद्यकीय आणि कृषी संस्था करू शकतात. इथिओपियातल्या किंवा बांगलादेशातल्या डोंगरी आणि पूरग्रस्त गावांना ते उपयोगी पडेल. दुष्काळ परदेशात पडो की इथे, ताटात फक्त लाखोळी उरण्याची वेळ कुणावर येऊ नये, आणि आलीच तर काय करायचे ते त्या घरातल्या माणसाला आधीच माहीत असावे.