म्हणे भूक नव्हती!

बास्केटबॉलचा संघ रिबाउंडमध्ये मार खाऊन हरला की दुसऱ्या दिवशी एक ठरलेलं वाक्य कानावर पडतं. कोच म्हणतो, समालोचक म्हणतात, आणि पहाटे उठून एनबीए बघणारे आपले मित्रही ऑफिसच्या कँटीनमध्ये वडा-सांबार खाता खाता तेच म्हणतात: "समोरच्यांना चेंडू जास्त हवा होता रे. आपल्या पोरांमध्ये भूकच नव्हती."

माझ्या मते ही शुद्ध थाप आहे, आणि सोयीची थाप आहे. व्यावसायिक संघाला रिबाउंड मिळत नाहीत, तेव्हा बहुतेक वेळा तो संघ बांधणाऱ्यांनी शांत डोक्याने, आकडेमोड करून घेतलेला निर्णय असतो. निर्णय वरच्या मजल्यावर होतो आणि बिल मात्र कोर्टवर घाम गाळणाऱ्याच्या नावावर फाडलं जातं. माझं भांडण या बिलाशी आहे.

ज्यांना बास्केटबॉलचं वेड नाही त्यांच्यासाठी दोन ओळी (बाकीच्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी). हुकलेला शॉट रिंगवर किंवा बोर्डवर आपटून परत येतो, तो ज्याच्या हाती लागेल त्याचा रिबाउंड. एनबीएमध्येसुद्धा निम्म्याहून जास्त शॉट हुकतात, त्यामुळे हा काही किरकोळ मामला नाही. स्वतःचाच हुकलेला चेंडू परत मिळवला तर फुकटात दुसरी संधी. डीन ऑलिव्हरने 2004 साली 'बास्केटबॉल ऑन पेपर' या पुस्तकात सामना जिंकण्याच्या चार घटकांना ढोबळ वजनं दिली होती: नेमबाजी 40 टक्के, चेंडू न गमावणं 25, रिबाउंड 20 आणि फ्री थ्रो 15. म्हणजे रिबाउंडला पाचवा हिस्सा. हा हिस्सा 'भूक' नावाच्या देवीच्या कृपेवर सोडून देतील इतके एनबीएचे लोक भोळे नाहीत.

आता उदाहरण. ह्यूस्टन रॉकेट्स, 2020.

रॉकेट्सचे तेव्हाचे जनरल मॅनेजर होते डॅरिल मोरी. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकलेला माणूस, म्हणजे आपल्याच जातकुळीतला. 2019 च्या उन्हाळ्यात त्यांनी रसेल वेस्टब्रूकला आणलं. वेस्टब्रूकची ताकद म्हणजे वाऱ्यासारखं धावत बास्केटपर्यंत घुसणं, आणि लांबून नेम मात्र यथातथाच. संघात क्लिंट कपेला नावाचा 6 फूट 10 इंचांचा सेंटर होता. उत्तम रिबाउंडर, पण तोही लांबून शॉट मारत नाही. त्यामुळे त्याला पकडणारा प्रतिस्पर्धी बास्केटखालीच ठाण मांडून बसायचा आणि वेस्टब्रूकची वाट अडायची. उपाय काय? फेब्रुवारी 2020 मध्ये चार संघ आणि 12 खेळाडूंच्या एका भल्यामोठ्या सौद्यात कपेलाला अटलांटाला पाठवून दिलं आणि 6 फूट 7 इंचांचा, लांबून थ्री मारणारा रॉबर्ट कॉव्हिंग्टन आणला. सेंटरच्या जागी उभा राहिला पी. जे. टकर. उंची 6 फूट 5 इंच.

यात रिबाउंड कमी होणार हे मोरींना कळत नव्हतं? अहो, शेंबड्या पोरालाही कळलं असतं! त्यांचा हिशोब सरळ होता: रिबाउंडमध्ये जेवढं घालवू त्याहून जास्त थ्री आणि मोकळ्या वाटेत कमवू. हा जुगार मूर्खपणाचा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पहिल्या फेरीत समोर ओक्लाहोमा सिटी थंडर होते, त्यांच्याकडे स्टीव्हन ॲडम्ससारखा 6 फूट 11 इंचांचा पहाड होता, तरी रॉकेट्सनी सातव्या सामन्यात 104-102 अशी मालिका जिंकली.

मग आले लेकर्स. पहिला सामना रॉकेट्सनी 112-97 असा आरामात जिंकला. त्यानंतर लेकर्सचे कोच फ्रँक व्होगेल यांनी आपल्या दोन पारंपरिक सेंटरना, मॅगी आणि हॉवर्डला, जवळपास बाकावरच बसवलं आणि अँथनी डेव्हिसला मधोमध खेळवलं. डेव्हिस 6 फूट 10 इंच, लेब्रॉन 6 फूट 9 इंच. उंच असूनही धावण्यात रॉकेट्सच्या बुटक्या संघाला मागे न पडणारे! म्हणजे रॉकेट्सच्या सौद्यातला फायदा गेला आणि तोटा तेवढा शिल्लक राहिला. लेकर्सनी लागोपाठ चार सामने जिंकले. त्यातल्या चौथ्या सामन्यातले रिबाउंड: लेकर्स 52, रॉकेट्स 26. बरोब्बर दुप्पट.

आता सांगा, या 26 मध्ये 'भूक' कुठे शोधायची? टकर तेव्हा 35 वर्षांचा होता. 2006 मध्ये एनबीएत आला, एका वर्षात बाहेर फेकला गेला, मग इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी अशी वणवण करून 2012 मध्ये परत आला. भूक नाही म्हणायचंच असेल तर निदान माणूस तरी बघून म्हणा!

आणि पुढची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. 2021 च्या मार्चमध्ये टकर मिलवॉकी बक्सकडे गेला. तिथे शेजारी यानिस आणि सात फुटी ब्रूक लोपेझ. त्याच मोसमात कपेला अटलांटाकडून खेळताना सामन्यामागे 14.3 रिबाउंड घेऊन अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत दोघे समोरासमोर आले. बक्स जिंकले आणि पुढे विजेतेही झाले. ह्यूस्टनमध्ये ज्यांची जोडी मोडली ते दोघे दुसरीकडे आपापल्या जागी चोख काम करत होते. या दोघांना भूक काय अटलांटा आणि मिलवॉकीच्या पाण्याने लागली?

मुळात रिबाउंड म्हणजे उंच उडी मारून चेंडू खेचणं ही समजूत हायलाइट्स बघून झालेली आहे. खरं काम त्याच्या आधी होतं. शॉट सुटल्याबरोबर आपला माणूस शोधायचा, त्याच्याकडे पाठ करायची, कंबर खाली घ्यायची आणि त्याला बास्केटपासून दूर रेटून धरायचं. याला बॉक्स आउट म्हणतात. ज्याने हे केलं त्याच्या नावावर चेंडू लागतोच असं नाही. बऱ्याचदा तो मोकळ्या सोडलेल्या जागेत आरामात उभा असलेला सहकारीच घेऊन जातो.

2016-17 च्या मोसमात हेच वेस्टब्रूक ओक्लाहोमाकडून खेळत होते. सरासरी 31.6 गुण, 10.7 रिबाउंड, 10.4 असिस्ट. 1961-62 मधल्या ऑस्कर रॉबर्टसननंतर मोसमभर ट्रिपल डबलची सरासरी राखणारा पहिला खेळाडू, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडूही. त्याच संघाचा सेंटर ॲडम्स, म्हणजे वर म्हटलेला तोच पहाड, सरासरी 7.7 रिबाउंडवर होता. सामने नीट बघितलेल्यांना ठाऊक आहे की ॲडम्स दोन-दोन माणसं पाठीवर घेऊन उभा असायचा आणि चेंडू वेस्टब्रूकच्या हाती पडायचा. (संघाच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच होतं, चेंडू मिळताच वेस्टब्रूक सुसाट सुटायचा. वाद त्याबद्दल नाही.) वाद असा की खात्यात जमा कोणाच्या झालं?

ओळखीचं वाटतंय ना? रात्री तीन वाजता सर्व्हर पडला की उठणारा एक जण, दुसऱ्याने मोडलेलं बिल्ड गुपचूप दुरुस्त करणारी एक जण, कोणी लिहीत नाही ते टेस्ट लिहिणारं एखादं येडं प्रत्येक टीममध्ये असतं. डेमो तिसराच देतो. वर्षाअखेरी अप्रेझलच्या फॉर्मवर या कामाला रकाना नसतो. मग तो माणूस सोडून जातो, जागा भरली जात नाही, आणि सहा महिन्यांनी सिस्टम रोज कोसळायला लागली की मीटिंगमध्ये ऐकू येतं, "टीममध्ये ओनरशिपची भावना कमी पडतेय." वा रे वा!

यावर एक ठरलेला प्रतिवाद येतो: "मग डेनिस रॉडमन? 6 फूट 7 इंच उंची, आणि 1992 ते 1998 सलग सात मोसम लीगमध्ये पहिला. ती भूकच ना?" बरं. रॉडमन अफाट होता, चेंडू कुठे उडणार याचा त्याचा अभ्यास अफाट होता. पण त्याच्या शेजारी कोण उभं असायचं ते बघा. डेट्रॉइटमध्ये 6 फूट 11 इंचांचा लेम्बीर, सॅन अँटोनियोत 7 फूट 1 इंचाचा डेव्हिड रॉबिन्सन, शिकागोत 7 फूट 2 इंचांचा लाँगली. रॉडमनला एकट्याने पाच बुटक्यांचा संघ ओढायला कोणी सांगितलं नव्हतं. शिवाय संघाने त्याला रिबाउंडसाठीच ठेवलं होतं, वीस गुण करण्यासाठी नाही. तेही वरून झालेलं नियोजनच.

दुसरी गोष्ट, किती जणांनी चेंडूसाठी आत धावायचं हेही खेळाडू ठरवत नाही. आपला शॉट सुटला की तिघांनी बास्केटकडे धावायचं की चौघांनी लगेच मागे पळून बचाव लावायचा, हे कोच ठरवतो. पॉपोविचच्या सॅन अँटोनियोने वर्षानुवर्षं मागे पळणं पसंत केलं आणि विजेतेपदंही मिळवली. पण ज्याला मागे पळायची आज्ञा आहे, त्यालाच "तू आत का धावला नाहीस" असं विचारणं म्हणजे हात बांधून टाळ्या वाजवायला सांगण्यातला प्रकार झाला.

आता याच ह्यूस्टनचा पुढचा अध्याय. 2023 मध्ये इमे उडोका कोच झाले. 2024-25 च्या मोसमात संघात आपला जुना ओळखीचा ॲडम्स होता. उडोकांनी त्याला आणि अल्पेरेन शेंगुनला, दोन उंच माणसांना, एकत्र खेळवायला सुरुवात केली. रॉकेट्स ऑफेन्सिव्ह रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिले आले आणि 52 सामने जिंकून पश्चिम विभागात दुसरे. जून 2025 मध्ये ॲडम्सला तीन वर्षांचा, 3 कोटी 90 लाख डॉलरचा नवा करार मिळाला. म्हणजे पाठीवर माणसं घेण्याचं काम शेवटी पगाराच्या रकान्यात आलं. आणि त्याच उन्हाळ्यात रॉकेट्सनी आणखी एक सेंटर परत आणला. कोण असेल? क्लिंट कपेला! पाच वर्षांपूर्वी अडगळ म्हणून काढलेलं कपाट पैसे मोजून पुन्हा घरात.

"पण 2025 मध्येही पहिल्याच फेरीत हरले ना?" हो, हरले. वॉरियर्सकडून, सातव्या सामन्यात, 103-89, आणि तेही घरच्या मैदानावर. रिबाउंड मिळाले म्हणजे सामना जिंकला असं मी कुठे म्हणतोय? ऑलिव्हरच्या हिशोबात नेमबाजीला 40 टक्के आहेतच, आणि 89 गुणांत प्लेऑफ जिंकणं अवघड. माझा मुद्दा वेगळा आहे. 2020 मध्ये ह्यूस्टनने रिबाउंडसाठी पैसे मोजले नाहीत, रिबाउंड मिळाले नाहीत. 2025 मध्ये मोजले, मिळाले. मधल्या काळात ह्यूस्टनच्या तरुणांची भूक काही दुप्पट झाली नव्हती.

जुगार खेळू नये असं माझं म्हणणं नाही. उंची विकून नेम विकत घ्या, खुशाल घ्या. फक्त हरल्यावर माइकसमोर येऊन स्पष्ट म्हणा की आम्ही हे विकलं होतं, किंमत ठाऊक होती, हिशोब चुकला. ते म्हणायला धाडस लागतं. "पोरांमध्ये भूक नव्हती" म्हणायला काहीच लागत नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी एखादा संघ रिबाउंडमध्ये वीसने मागे पडला आणि कोणी भुकेची कथा सुरू केली, तर दोनच प्रश्न विचारा. आत धावायला किती जणांना सांगितलं होतं? आणि पाठीवर माणसं घेणाऱ्याला पगार किती होता? उत्तर मिळेपर्यंत कथा पुढे सरकू देऊ नका.

आणि जमलं तर सोमवारच्या मीटिंगमध्येही विचारून बघा.