सुट्टी कोणाची?

मंडळी, आज थोडं रागावून लिहिते आहे. चौतीस वर्षं शाळेत काढली, तेव्हा रागावण्याची सवय आहेच. फरक एवढाच की आज राग मुलांवर नाही, आपल्यावर आहे.

माझा नातू जर्मनीत आखेनला एम.एस. करतो. गेल्या नाताळात त्याला दोन आठवड्यांची सुट्टी होती. ती कुठे घालवायची हे कोणी ठरवलं? तो सोडून सगळ्यांनी! घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर खलबतं चालली होती. मावशी म्हणाली, पॅरिस हवंच. काका म्हणाले, मग ब्रसेल्स आणि ॲमस्टरडॅम काय, शेजारीच आहेत. कोणीतरी प्राग, व्हिएन्ना जोडलं. वडिलांनी स्वित्झर्लंडचा बर्फ वर भुरभुरला. झाली यादी तयार, नऊ दिवसांत सहा मुक्काम! आणि आधीच कबूल करते, मीही त्यात होते. "आयफेल टॉवरपुढचा एक फोटो पाठव रे," हे वाक्य माझंच.

पोराने यादी पुरी केली. राहण्याचे पैसे वाचावेत म्हणून रात्री बसमध्ये झोपायचा आणि दिवसा फिरायचा. परतला तो ताप घेऊन. फेब्रुवारीतल्या परीक्षेचा एक पेपर पुढच्या खेपेवर टाकावा लागला. ग्रुपवर मात्र फोटोंना अंगठ्यावर अंगठे. हे सगळं त्याने मला होळीच्या सुमारास फोनवर सांगितलं. शेवटी म्हणाला, "आजी, व्हिएन्ना मला नीट आठवतच नाही गं."

मी सहज विचारलं, "आखेनचं ते मोठं चर्च कसं आहे रे?" तर म्हणे, आत अजून गेलोच नाही. दीड वर्ष त्या गावात राहून! शार्लमेन राजाला ८१४ साली तिथेच पुरलं. ९३६ ते १५३१ या सहा शतकांत जर्मन राजांचे राज्याभिषेक तिथे होत. युनेस्कोने १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली बारा ठिकाणं जाहीर केली, त्यातलं ते एक. आणि आमच्या यादीत ते नव्हतं, कारण ते 'नवीन देशात' नव्हतं ना!

देशच मोजायचे असतील तर आखेनच्या वेशीवर, फाल्सजवळच्या टेकडीवर जर्मनी, हॉलंड आणि बेल्जियमच्या सीमा एका खांबापाशी मिळतात. खांबाभोवती एक प्रदक्षिणा घाला, तीन देश झाले. खर्च नाही, ताप नाही!

हे मला आधीच कळायला हवं होतं. शाळेत असताना आम्ही एस.टी. ठरवून एका दिवसात दौलताबाद, वेरूळ, पाणचक्की आणि बीबी का मकबरा उरकत असू. एका वर्षी सहलीनंतर निबंध लिहून घेतला. लेण्यांवर सगळ्यांच्या चार ओळी, त्याही पुस्तकातल्या. पानं भरली होती ती परतीच्या वाटेवर गाडी पंक्चर झाली त्यावर. दोन तास एका मळ्यात बसलो होतो, तिथल्या माउलीने सगळ्यांना गूळ-पाणी दिलं, विहिरीत कासव दिसलं वगैरे. पुढच्या वर्षापासून मी हट्टाने एकच ठिकाण धरलं. वेरूळ तर दिवसभर वेरूळच. मुख्याध्यापक म्हणाले, पालक कुरकुरतील. कुरकुरले! पण मुलांनी कैलास लेण्यावर स्वतःच्या शब्दांत लिहिलं. हे सगळं ठाऊक असून नातवाच्या वेळी मी विसरले, त्याचीच चीड आहे.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, एकदाच जायला मिळतं, बघून घेऊ दे की सगळं." हे आपल्या पिढीचं झालं. आपण कर्ज काढून, टूर कंपनीच्या झेंड्यामागे पंधरा दिवस जातो. मुलं तिथे दोन-तीन वर्षं राहतात. जर्मनीचा निवास-परवाना हातात असला की बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा न काढता जाता येतं. (लंडनला मात्र वेगळा व्हिसा लागतो, हे काकालोकांनी ध्यानात घ्यावं.) मग घाई कसली? पॅरिस काही पळून जात नाही.

दुसरं, पैसा. विद्यार्थ्याने खात्यात दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२. त्यात खोलीचं भाडं, विमा, जेवण सगळं आलं. काम करायचं तर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, एवढीच मुभा. म्हणजे सुट्टी हे बऱ्याच मुलांचं कमावण्याचंही दिवस असतात. आपल्या 'तेवढं बघून ये'चे पैसे कोणाच्या तरी शनिवार-रविवारच्या भांडी घासण्यातून येतात, हे लक्षात असू द्या.

मग मुलांनी जावं कुठे? माझं म्हणणं साधं आहे. जिथे साध्या गाडीने जाता येईल तिथे. बऱ्याच विद्यापीठांच्या सेमिस्टर-तिकिटावर देशभरातल्या साध्या गाड्या चालतात. आखेनहून तासाभरात कोलोन, तिथलं कॅथेड्रल १२४८ मध्ये बांधायला घेतलं आणि १८८० मध्ये पुरं झालं. थोडं पुढे बॉन. बेटोवन १७७० मध्ये तिथे जन्मला, आणि आपले बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना त्यांनी त्याच बॉनच्या विद्यापीठात नाव घातलं होतं. एका गावी तीन-चार दिवस राहावं, शिकलेली जर्मन भाषा बेकरीवाल्याशी बोलून बघावी, आणि उरलेले दिवस चक्क झोपावं! आणि कोणी घरी बोलावलं तर सगळं सोडून तिथे जावं. डिसेंबरात तिथे साडेचारलाच अंधार पडतो. २५ आणि २६ तारखेला दुकानं बंद, वसतिगृह रिकामं. अशा वेळी पोरांना टॉवर नको असतो, माणूस हवा असतो.

यंदा नातवाला त्याच्या वर्गमैत्रिणीच्या आईने नाताळला त्यांच्या खेड्यात बोलावलंय. ग्रुपवर लगेच सुरू झालं, "खेड्यात जाऊन काय बघणार? तिकडून म्युनिक तरी करून घे." मी त्याला वेगळा फोन केला. म्हटलं, तू जा. त्या बाईंना रिकाम्या हाताने भेटू नकोस, मी पाठवलेल्या चकल्या उरल्या असतील तर ने.

आणि फोटो मी मागणार नाही. ती सुट्टी त्याची आहे. बघा पटतंय का.