रजा मिळाली, सोबतीचे काय?



२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेत जुना मातृत्व लाभ कायदा सामावून घेतला आहे. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती ग्रॅच्युइटीची आणि हातात पडणाऱ्या पगाराची. बाळंतपणाच्या रजेवर फारसे कोणी बोलले नाही, कारण तिथे मोठा बदल नाही. २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांची रजा २६ आठवड्यांची झाली होती, तीच तरतूद पुढे चालू आहे. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यानंतर १२. जिथे ५० किंवा अधिक कर्मचारी आहेत तिथे पाळणाघर.

कायदा चांगलाच आहे. पण आपण जमेबरोबर खर्चाची बाजूही पाहू. या २६ आठवड्यांत त्या मुलीजवळ घरात कोण असते?

बाळाच्या वडिलांसाठी या संहितेत रजा नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पहिल्या दोन अपत्यांसाठी १५ दिवस मिळतात. खाजगी नोकरीत सगळे कंपनीच्या मर्जीवर. इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगरातल्या आपल्या कितीतरी घरांतल्या लेकी-सुना आज पुणे, बंगळुरू, हैदराबादला नोकरी करतात. पूर्वी पहिले बाळंतपण माहेरी, हे ठरलेलेच असे. आता डॉक्टर तिकडचे, विमा तिकडचा, म्हणून बाळंतपणही तिकडेच होते. आई महिनाभर जाऊन राहते, मग वडिलांच्या औषधपाण्यासाठी परत येते. त्यानंतर सकाळी नऊ ते रात्री आठ त्या फ्लॅटमध्ये मुलगी आणि बाळ, दोघेच.

आपल्या जुन्या रीतीत सव्वा महिन्याची विश्रांती होती. शेक, मालीश, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांचे गुणगान आपण नेहमी करतो. आम्हांला वाटते, त्या रीतीचे खरे बळ माणसांत होते. रात्री बाळ रडले तर उचलून घ्यायला कोणीतरी असे आणि बाळंतिणीला चार तास सलग झोप मिळे. मात्र त्या रीतीत एक उणीवही होती. तिच्या कमरेची चौकशी सगळे करत, मनाची कोणी करत नसे. डोळ्यांत पाणी दिसले की "रडू नकोस, दूध आटेल" एवढेच ऐकायला मिळे. आज माणसे कमी झाली, पण ते वाक्य तसेच राहिले.

वैद्यकशास्त्र काय सांगते ते समजून घेऊ. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे बहुतेक जणींना होते आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपले तरी हिला झोप येत नाही, कशात मन लागत नाही, "मी चांगली आई नाही" असे सारखे वाटते, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली भारतातल्या ३८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. त्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले, म्हणजे पाच जणींत एक. भास होणे, भलतेच संशय येणे, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणे, असे काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि तिला क्षणभरही एकटे सोडू नये.

बाळाची काळजी आणि आईचे मन, ही दोन वेगळी खाती नाहीत. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघते. हे माहीत नसले की "दूध पुरत नाही" असा शेरा मारला जातो आणि आई खचते. डॉक्टर सांगतात, सहा महिने फक्त आईचे दूध, मध-गुटीसुद्धा नको. आजी म्हणते, आमची मुले गुटीवरच वाढली. या ओढाताणीत दोन्हीकडची बोलणी एकाच व्यक्तीला बसतात. बाळ दूध ओढत नाही, अंग तापले किंवा गार पडले, श्वास जोरात चालतो, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, झटके येतात, तर घरात वाद न घालता तडक डॉक्टरांकडे जावे. एरवी सल्ला एकाच बालरोगतज्ज्ञाचा घ्यावा.

सरकारी व्यवस्था अगदीच नाही असे नाही. २०११ पासून आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी जातात. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी. पण शहरात त्यांचे काम मुख्यतः गरीब वस्त्यांत असते, मध्यमवर्गी सोसायटीत त्या सहसा येत नाहीत. म्हणजे पैसा, विमा, रजा सारे असूनही दारावर येऊन "कशी आहेस?" विचारणारे आपल्या मुलींना कोणी नाही. केरळ सरकारने 'अम्मा मनस' या कार्यक्रमातून गर्भवती आणि बाळंतिणींच्या मनःस्वास्थ्याची तपासणी सुरू केली. मध्य प्रदेशातही तसे व्हावे, अशी मागणी आपण करायला हवी. दरम्यान, ऑक्टोबर २०२२ पासून केंद्राची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येते.

आपल्या हाती काय आहे? बाळ दीड महिन्याचे होईपर्यंत रोज एक फोन, आणि त्यात पहिला प्रश्न बाळाबद्दल नको, तिच्याबद्दल हवा. आई आणि सासूबाई दोघींनी एकदमच न जाता पाळीपाळीने जावे, म्हणजे सोबत दोन-तीन महिने पुरते. बारशाला येणाऱ्यांनी बाळाच्या रंगावर आणि आईच्या वजनावर बोलू नये. आम्ही निवृत्त मंडळी रिकामी आहोत. शहरात कोणाकडे बाळंतीण असेल तर दुपारी दोन तास बाळाजवळ बसणे आपल्याला सहज जमेल. तेवढ्या वेळात ती झोपेल.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत अशा इच्छुकांची यादी करावी, ही आमची सूचना आहे.