घरचा पोरगा, ‘प्युअर प्रॉफिट’

डिसेंबर संपत आला की आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावरचा विषय ठरलेला असतो. जानेवारीची ट्रान्सफर विंडो! कोण येणार, कोण जाणार, कुणाला आधी बाहेरचा रस्ता दाखवायला हवा. २०२५ च्या डिसेंबरात वाद पेटला तो कोबी मेनूवरून. मँचेस्टर युनायटेडचा हा तरुण मिडफिल्डर क्लबच्याच अकॅडमीत वाढलाय. २०२४ च्या एफए कप फायनलमध्ये त्यानं मँचेस्टर सिटीविरुद्ध गोल केला. त्याच उन्हाळ्यात युरो कपच्या फायनलला तो इंग्लंडकडून सुरुवातीपासून खेळला. आणि २०२५-२६ च्या मोसमात? डिसेंबरपर्यंत प्रीमियर लीगच्या एकाही मॅचला त्याला पहिल्या अकरात जागा मिळाली नव्हती.

आता यात डावपेचांचा भाग आहेच. तेव्हाचा कोच रुबेन अमोरिमच्या ३-४-३ मध्ये मधल्या फळीत सेंटरला जागा दोनच होत्या. एक कॅप्टन ब्रुनो फर्नांडिसची आणि दुसरीवर बहुतेक वेळा कॅसेमिरो. मेनूची स्पर्धा ब्रुनोशी आहे, हे अमोरिमनं उघडच सांगितलं होतं. या रचनेत मधल्या दोघांना खूप मोठं मैदान झाकावं लागतं, त्यामुळं पळणारा खेळाडू हवा, असं एकाचं म्हणणं. बॉल पायात ठेवून दबावातून बाहेर पडणारा दुसरा कोण आहे आपल्याकडे, असं दुसऱ्याचं. चहाचे दोन राउंड झाले तरी निकाल लागेना. तेवढ्यात तिसरा म्हणाला, “विकून टाका ना! अकॅडमीचा आहे. प्युअर प्रॉफिट!”

गंमत म्हणजे हे ऐकून कुणीच दचकलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन-तीन वर्षांपूर्वी हा शब्द आमच्या बोलण्यात नव्हता. आम्ही पासिंगवर भांडायचो, प्रेसिंगवर भांडायचो. आता बॅलन्सशीटवर भांडतो. अकाउंट्सपासून पळून मास कॉमला आलेल्या माझ्यासारखीला फुटबॉलनं पुन्हा अकाउंट्सच्याच वर्गात आणून बसवलंय! पण तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. क्लबनं लहानपणापासून वाढवलेला पोरगा हा ‘प्युअर प्रॉफिट’ कसा काय होतो?

हिशेबाची भानगड

सोपं उदाहरण घेऊ. २०२५ च्या उन्हाळ्यात युनायटेडनं लायप्झिगकडून बेंजामिन शेश्को हा स्ट्रायकर घेतला. सुरुवातीची किंमत सुमारे ६.६ कोटी पाउंड, करार पाच वर्षांचा. क्लबच्या हिशेबात हा खर्च एकाच वर्षी दिसत नाही. तो करारावर पसरतो. म्हणजे वर्षाला साधारण १.३ कोटी. प्रत्यक्ष पैसे कधी दिले जातात, ते वेगळं. कागदावर मात्र दरवर्षी एक हप्ता पडतो.

विकताना उलटं होतं. खेळाडूची कागदावर जेवढी किंमत शिल्लक असेल ती वजा करून उरलेला सगळा नफा त्याच वर्षी धरला जातो. अकॅडमीतला पोरगा तर विकत घेतलेलाच नसतो. त्याची कागदावरची किंमत शून्य. त्यामुळं तो जेवढ्याला विकला जाईल तेवढा सगळा नफा. हेच ते ‘प्युअर प्रॉफिट’.

आता बेरीज करून बघा. त्याच उन्हाळ्यात युनायटेडनं अलेहान्द्रो गार्नाचोला चेल्सीला विकलं, ४ कोटी पाउंडांना. हा पोरगा किशोरवयात आतलेतिको माद्रिदकडून नाममात्र किमतीत आला होता, त्यामुळं जवळपास सगळी रक्कम नफाच. म्हणजे एक गार्नाचो विकला की कागदावर तीन शेश्कोंचा वर्षाचा हप्ता निघतो. गार्नाचोचं कोचशी बिनसलं होतं हे खरं, पण हिशेब क्लबच्या बाजूनं होता हेही तितकंच खरं.

आणि हा हिशेब का पाळायचा? कारण प्रीमियर लीगचा नियम आहे. २०२५-२६ च्या मोसमापर्यंत तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०.५ कोटी पाउंडांचा तोटा चालायचा. त्यापुढं गेलात की कारवाई. फॅन्सच्या तोंडी याचं नाव पीएसआर.

३० जूनची धावपळ

बहुतेक क्लबांचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. आपल्याकडे ३१ मार्चला बँकेत जसं वातावरण असतं तसंच तिथं जूनच्या शेवटच्या आठवड्यात असतं. २०२४ चा जून तर कमाल होता.

न्यूकॅसलचं बघा. या क्लबची बहुतांश मालकी सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीकडे आहे. पैशाला तोटा नाही. तरीही नियमात बसण्यासाठी त्यांनी इलियट अँडरसनला नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकलं, सुमारे ३.५ कोटी पाउंडांना. अँडरसन न्यूकॅसलच्या परिसरातलाच, लहानपणापासून याच क्लबच्या अकॅडमीत वाढलेला. त्याच वेळी फॉरेस्टचा गोलकीपर ओडिसियस व्लाखोदिमोस न्यूकॅसलला आला, सुमारे २ कोटींना. त्या मोसमात त्याला लीगची एकही मॅच मिळाली नाही. कोच एडी हाऊला अँडरसनला सोडायचं नव्हतं, हे त्यानं नंतर लपवलंही नाही. आज अँडरसन इंग्लंडच्या मधल्या फळीत खेळतोय. जगातल्या सगळ्यात श्रीमंत मालकांपैकी एक असलेला क्लब आणि विकला कोण? घरचा पोरगा!

त्याच दिवसांत चेल्सीनं आपल्या अकॅडमीतला इयान मात्सेन अॅस्टन व्हिलाला दिला आणि व्हिलाकडून ओमारी केलीमन हा तरुण खेळाडू घेतला. व्हिलानं टिम इरोग्बुनम एव्हर्टनला दिला, एव्हर्टनचा लुईस डॉबिन व्हिलाला आला. सगळे व्यवहार नियमात बसणारे. पण शेजारच्यानं माझी सायकल घेतली, मी त्याची घेतली आणि दोघांनी वहीत नफा लिहिला, असं वाटतं की नाही?

चेल्सीवाल्यांना कॉनर गॅलघर आठवत असेल. लहानपणापासून चेल्सीत. २०२३-२४ च्या मोसमात कितीतरी मॅचेसमध्ये कॅप्टनचा पट्टा त्याच्याच दंडावर होता. पण २०२४ च्या उन्हाळ्यात तो आतलेतिको माद्रिदच्या व्यवहारात अडकला. माद्रिदला जाऊन पोचला, व्यवहाराची दुसरी बाजू फिसकटली आणि त्याला लंडनला परत यावं लागलं. शेवटी तो गेला आणि तिकडून जुवाव फेलिक्स मोठा करार घेऊन आला. पुढच्या जानेवारीत फेलिक्स लोनवर मिलानला आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात सौदीला! चेल्सीच्या प्रेसिंगचं जे इंजिन होतं ते विकून काय मिळवलं, याचं उत्तर आमच्या ग्रुपमधल्या चेल्सी फॅनलाही देता आलेलं नाही.

मग नियमच नको का?

नाही, तसंही नाही. पोर्ट्समथनं २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि २०१० मध्ये कर्जात बुडून दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. प्रीमियर लीगमध्ये असताना ही वेळ आलेला तो पहिला क्लब. नंतर फॅन्सनी पुढं येऊन तो विकत घेतला तेव्हा कुठं वाचला. मालक हौशीपायी उधळतो आणि भरावं लागतं त्या शहराला. त्यामुळं लगाम हवाच.

आणि लगाम खेचलाही गेला. एव्हर्टनचा तोटा मर्यादेच्या १.९५ कोटी पाउंड वर गेला म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचे १० गुण कापले. अपिलात ते ६ झाले, मग एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रकरणात आणखी २ गेले. फॉरेस्टचे ४ गुण गेले. फॉरेस्टची गोष्ट तर विचार करायला लावणारी आहे. त्यांच्याकडे ब्रेनन जॉन्सन होता. नॉटिंगहॅममध्येच जन्मलेला, वडीलही फॉरेस्टकडून खेळलेले. त्याला ३० जूनच्या आत विकला असता तर हिशेब सावरायला मदत झाली असती. क्लब थांबला आणि १ सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅमकडून ४.७५ कोटी पाउंड मिळवले. चांगला भाव मिळावा म्हणून थांबलो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मान्य झालं नाही. म्हणजे घरचा पोरगाही गेला आणि गुणही गेले. (याच जॉन्सनच्या नावावर मे २०२५ मध्ये युरोपा लीग फायनलचा एकमेव गोल लागला. समोर आम्हीच होतो, मँचेस्टर युनायटेड! त्या रात्रीबद्दल जास्त बोलायला नको.)

लगाम हवा, पण तो कुठल्या दिशेला खेचतोय ते बघायला नको का? अकॅडमीवर केलेला खर्च तोट्यात धरत नाहीत, ही या नियमातली चांगली बाजू. क्लबांनी पोरं घडवावीत म्हणून ही सूट. पण विक्रीचा हिशेब असा की घडवलेली पोरंच सगळ्यात आधी बाजारात जातात. एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

गेलेल्यांचं वाईट झालं का?

इथं माझा मित्र लगेच स्कॉट मॅकटॉमिनेचं नाव काढतो, आणि त्याचं बरोबर आहे. लहानपणापासून युनायटेडमध्ये असलेला मॅकटॉमिने ऑगस्ट २०२४ मध्ये नापोलीला गेला, सुमारे २.५ कोटी पाउंडांना. आमच्याकडे तो कधी डिफेन्ससमोर, कधी शेवटच्या दहा मिनिटांत स्ट्रायकर! अंतोनियो कोंतेनं त्याला मधल्या फळीतून बॉक्समध्ये धावत शिरायची मोकळीक दिली. नापोलीनं लीग जिंकली, शेवटच्या मॅचला त्यानं हवेत झेपावून गोल केला आणि तो सेरी आचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कोल पाल्मर सिटीत बेंचवर बसत होता, चेल्सीत गेला आणि पहिल्याच मोसमात लीगमध्ये २२ गोल केले.

तेव्हा घर सोडणं म्हणजे पोरांचं नुकसानच, असं मी म्हणणार नाही. खेळायला मिळत नसेल तर पोरानं जावंच. मेनूलाही २०२५ च्या उन्हाळ्यात लोनवर जायचं होतं, क्लबनं सोडलं नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. पोरगा खेळासाठी जातोय की वहीसाठी? मॅकटॉमिनेला कोंतेनं जे बघितलं ते आम्हाला दिसलं नाही, ही फुटबॉलची चूक. अँडरसन गेला ती फुटबॉलची चूकच नव्हती. तो गेला कारण जून संपत होता.

कोल्हापूरहून आलेला प्रश्न

हे सगळं मी मावसभावाला फोनवर सांगत होते. दादा कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी अशी मॅच असली की कामावर दांडी ठरलेली. सगळं ऐकून तो म्हणाला, “अगं, पण ज्या गावाचा क्लब, त्या गावचा पोरगाच नसेल तर ती टीम कुणाची?”

मी म्हटलं, “दादा, तुमच्याकडेही बाहेरचे प्लेअर येतातच की.” तो म्हणाला, “येतात की. पण टीममध्ये गल्लीतला एक तरी पाहिजे. त्याला शिवी घातली तरी ती घरातली असते.”

मला हसू आलं, पण नंतर बराच वेळ विचार करत बसले. दादाला त्याची टीम जन्मानं मिळाली. आम्ही मात्र मँचेस्टर कधी पाहिलेलं नाही. टीव्हीवर मॅच बघून, रात्री एक-दीडपर्यंत जागून क्लब निवडला. त्या शहराशी आमचं नातं काय? मेनूसारखा पोरगाच ना! स्टॉकपोर्टमध्ये जन्मलेला, तिथलंच बोलणं बोलणारा. तो गोल करतो तेव्हा आम्हालाही वाटतं, आपण एका गावाचे फॅन आहोत, नुसत्या कंपनीचे नाही. २०१७ मध्ये अनिकेत जाधव भारताकडून अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला तेव्हा कोल्हापूरला जे वाटलं, तेच थोडंसं उसनं घेऊन आम्ही जगतो. हा धागाही सुटला तर उरतात ते जर्सीवरचे स्पॉन्सर.

नवा नियम काय करेल?

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी मतदान करून पीएसआरला निरोप द्यायचं ठरवलं. २०२६-२७ पासून नवा नियम. संघावरचा खर्च, म्हणजे पगार, ट्रान्सफरचे वर्षाचे हप्ते आणि एजंटांचे पैसे, हा फुटबॉलमधून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचा. युरोपात खेळणाऱ्यांना युएफाची मर्यादा ७० टक्क्यांची आहे.

यानं घरचा पोरगा वाचेल का? अर्धं उत्तर हो. त्याचा ट्रान्सफरचा हप्ता शून्य, फक्त पगार मोजायचा. म्हणजे ठेवला तर तो टीममधला सगळ्यात स्वस्त खेळाडू. पण उरलेलं अर्धं उत्तर नाही. कारण खेळाडू विकून झालेला नफा या हिशेबातही उत्पन्नाच्या बाजूला धरला जाणार. म्हणजे मोह तसाच राहणार.

मला सुचलेला उपाय साधा आहे. विकत घेतलेल्या खेळाडूचा खर्च पाच वर्षांवर पसरता ना? मग नियमाच्या हिशेबात अकॅडमीतल्या पोराच्या विक्रीचा नफाही पाच वर्षांवर पसरा. छोट्या क्लबांना पैसे मिळायचे तेव्हा मिळतीलच, फक्त एका रात्रीत भोक बुजवायला पोरगा वापरता येणार नाही. जूनची धावपळ आपोआप कमी होईल. कुणी विकलाच, तर तो खेळाडू म्हणून विकेल.

 मेनू कधी बेंचवर कुजत असेल तर जाऊ दे, मी त्याच्या नव्या क्लबच्या मॅचेसही बघेन. पण यापुढं कट्ट्यावर कुणी ‘प्युअर प्रॉफिट’ म्हणालं की मी दादाचा प्रश्न विचारणार आहे. ती टीम कुणाची? उत्तर येईपर्यंत चहाचे पैसे विचारणाऱ्यानं नाही, म्हणणाऱ्यानं द्यायचे.