माठाची चुगली

युद्ध म्हटलं की शाळेच्या पुस्तकात हिटलर येतो, चर्चिल येतो. आमच्या रत्नागिरीकडच्या वाडीत युद्ध आलं ते ताटातून. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा थांबला. ज्या देशाचा थिबा राजा इंग्रजानं मरेस्तोवर, १९१६ पर्यंत, रत्नागिरीत डांबून ठेवला, त्याच देशाच्या भातावर कोकणातली गरिबांची पोरं जगत होती. ताट रिकामं, चिमणीत रॉकेल नाही.

माझा आजा तेव्हा मराठी शाळेत. त्याचा एक जिवलग दोस्त होता. दोघं महारवाड्यातले, दोघं पडवीत बसणारे. एकच पुस्तक दोघांत वाचायचे आणि पहिल्या नंबरासाठी एकमेकांच्या उरावर बसायचे. १९२३ चा बोले ठराव होऊन गेला होता, १९२७ चं महाड होऊन गेलं होतं, रत्नागिरी शहरात १९३१ साली पतितपावन मंदिरही उघडलं होतं. आमच्या वाडीच्या शाळेतला माठ मात्र वरच्यांचाच होता.

मास्तर म्हणाला, तुमच्यातल्या एकाचीच फी माफ होईल.

एका दुपारी तहानेनं दोस्तानं माठात पेला बुडवला. आज्यानं बघितलं. आणि मास्तराला जाऊन सांगितलं. दोस्ताची पाठ फुटली, नाव कटलं. आज्याची फी माफ झाली.

दोस्त आगबोटीत बसून मुंबईला गेला, गोदीत ओझी उचलायला. लढाईच्या मालानं गोदी भरली होती, पोराचं वय कोण विचारतो? १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकात फोर्ट स्टिकाइन जहाज. पोटात दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले. गोदी पेटली, शेकडो माणसं गेली. बंबवाल्यांची नावं स्मारकावर लागली, लागायलाच पाहिजेत. सोन्याच्या विटा पुढं कितीक वर्षं गाळातून निघत राहिल्या. हमाल किती मेले, ते आजही कुणी छातीठोक सांगत नाही. आज्याचा दोस्त त्या न मोजलेल्यांत.

तारीख परत वाचा. बाबासाहेबांचा जन्मदिवस. त्या साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेही बाबासाहेबच.

आजा सातवी पास झाला. ज्या सातवीसाठी दोस्त विकला, तिनं त्याला पट्टेवाल्याचा डगला दिला. दर जयंतीला तो सकाळी मिरवणुकीत नाचायचा आणि दुपारी चारला आडाजवळ एकटा जाऊन बसायचा. सांजेपर्यंत पाण्याचा घोट नाही. का, ते मला सांगितलं नव्वदी ओलांडल्यावर. सांगताना पोरागत रडला.

आमचे काही शिकलेले दोस्त म्हणतात, दोष व्यवस्थेचा. कबूल. माठ आज्यानं ठेवला नव्हता, दोघांत एक फी आज्यानं ठरवली नव्हती. ज्यांनी ठरवली ते आयुष्यभर गाढ झोपले. पण दोस्तांनो, 'व्यवस्था' हा शब्द साबणासारखा वापरू नका. चुगली आज्याच्या जिभेनं केली. त्याला ते ठाऊक होतं, म्हणून त्याला मी माणूस मानतो. त्याला माफ करायचा हक्क मला नाही. तो हक्क ज्याचा होता तो गोदीत जळाला.

आज माठ बदललेत. एक कंत्राटी जागा, एक शिष्यवृत्ती, एक तिकीट, सभेत माइकसमोर एक खुर्ची. मालक एकच तुकडा टाकतो आणि आपण दोघं धावतो. मग आपणच एकमेकांची नावं सांगतो आणि त्यालाच चळवळ म्हणतो. कितीदा फुटलो आपण असे!

मीही गोदीतच ओझी उचलतो. परवा मुकादमानं विचारलं, "गोण कुणी फाडली? नाव सांग, तुला जादा पाळी देतो." घरी पैशाची नड होती. नाव मला ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, तोंड उघडलं होतं मी. आडाजवळ बसलेला आजा दिसला. तोंड मिटलं.

दोघांचीही हजेरी कापली गेली. संध्याकाळी नळावर एकाच मगातून पाणी प्यालो.